चकाकीआडची कारागिरी : मिरजेच्या तंबोऱ्याच्या छायाचित्रणाची चिकित्सा

हस्तनिर्मित लाकडी वस्तूचे छायाचित्र काढताना तिच्यातील कोणती गोष्ट दाखविण्यायोग्य आहे, याचा निर्णय छायाचित्रकार करीत असतो. फर्निचर असो वा वाद्य, प्रचलित विक्रीचित्रांत हा निर्णय बहुधा पॉलिशच्या बाजूने लागतो. मिरजेच्या तंबोऱ्याच्या आधारे या प्रवृत्तीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. तंबोरा मिरजेत घडत असला तरी त्याचा भोपळा सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर-मंगळवेढा परिसरातील शेतांत पिकतो. त्यामुळे सोलापूरच्या अभ्यासकांसही हा विषय परका नाही.

मिरजेतील तंतुवाद्यनिर्मितीचा आरंभ एकोणिसाव्या शतकातील फरीदसाहेब यांच्यापासून मानला जातो. मूळची शस्त्रे घडविणारी शिकलगार मंडळी या व्यवसायात स्थिरावली. वाळलेला भोपळा भिजवून कापणे, त्यास लाकडी गळा व पोकळ दांडी जोडणे, तबलीची जाडी राखणे आणि शेवटी घोडी घासून जवारी काढणे, या प्रत्येक टप्प्यावर हाताचा व कानाचा निर्णय असतो. दोन भोपळे सारखे नसतात. म्हणून दोन तंबोरेही सारखे नसतात.

विक्रीचित्रांत मात्र हे वेगळेपण लोपते. वाद्य समोरून, गडद पडद्यापुढे उभे केले जाते. समोरून टाकलेल्या तीव्र प्रकाशामुळे पॉलिश चकाकते व लाकडाचे रेषे, सांधा आणि तबलीचा सूक्ष्म उठाव सपाट होतो. जवळून रुंदकोनी भिंग वापरल्यास भोपळा फुगतो व दांडी निमुळती दिसते. पिवळ्या दिव्यात पांढऱ्या रंगाचे संतुलन न साधल्यास लाकडाचा तांबूसपणाही फसवा ठरतो. परिणामी नक्षी तेवढी दिसते. रचना दिसत नाही.

हा प्रश्न केवळ सौंदर्यदृष्टीचा नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन लाभले. मानांकन नावाचे रक्षण करते. परंतु दूरचा ग्राहक प्रथम चित्र पाहतो. चित्रात केवळ झळाळी असेल, तर कसबी कारागिराचा तंबोरा आणि त्याची घाईने केलेली नक्कल यांत त्याला भेद करता येत नाही. कारागिराच्या श्रमाचे मोल अशा वेळी चित्रातच घटते.

याउलट, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत अध्यापन करणाऱ्या जॉन लॉकवुड किपलिंग यांनी १८७० मध्ये उत्तर भारतातील कारागिरांची रेखाचित्रे काढली. त्यांत लाकडावर कोरीवकाम करणारा कारागीर त्याच्या कामात मग्न दिसतो. वसाहतकालीन दृष्टीच्या मर्यादा मान्य करूनही, वस्तूबरोबर तिची कृती नोंदविण्याची ही पद्धत आजच्या छायाचित्रणास बोधप्रद ठरते.

विक्रीचित्र आकर्षक असावे, ही अपेक्षा गैर नाही. मात्र एका देखण्या चित्रासोबत पाठीमागची बाजू, गळ्याचा सांधा, घोडी आणि मोजपट्टीसह पूर्ण वाद्य अशी चित्रमालिका असावी. बाजूने तिरपा प्रकाश दिल्यास हत्याराच्या खुणा उमटतात. ध्रुवक फिल्टरने पॉलिशची चकाकी आवरता येते. कॅमेरा दूर ठेवून लांब नाभीय अंतराचे भिंग वापरल्यास प्रमाण बिघडत नाही. कारागिराच्या संमतीने त्याचे हात व नावही नोंदीत यावे. शेतातील भोपळ्यापासून ही मालिका सुरू करणे सोलापूरच्या महाविद्यालयांना क्षेत्रीय प्रकल्पांतून सहज शक्य आहे.

अर्थात जवारीचा नाद कोणत्याही छायाचित्रात उतरणार नाही. तो घडविणारी घोडीची घासलेली वक्रता मात्र नोंदविता येते. पुढील पिढीतील कारागिरास शिकताना उपयोगी पडेल ती हीच नोंद होय.