मशाल किती वेळ जळते? : भूमिका-खेळांतील काठिण्य आणि साठ्याचा हिशेब

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला आणि टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळांची परंपरा सुरू झाली. चार-पाच जण एकेका पात्राची भूमिका घेतात. एक जण सूत्रधार होऊन भुयारे, राक्षस आणि खजिना यांचे जग उभे करतो. जिथे निकालाची खात्री नाही तिथे फासे टाकले जातात. अशा खेळात सामना किती कठीण असावा, हे कशावरून ठरवायचे? प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. माझ्या मते मात्र या खेळाच्या समीक्षेचा तोच गाभा आहे, कारण खेळाडूच्या निर्णयाला किंमत आहे की नाही, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

टॉम मोल्डवे यांनी संपादित केलेली १९८१ सालची प्राथमिक पुस्तिका या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. भुयारातला वेळ तीत दहा-दहा मिनिटांच्या ‘टर्न’मध्ये मोजला जातो. मशाल सहा टर्न जळते. दर तासाला एक टर्न विसावा घ्यावाच लागतो. दर दोन टर्ननंतर सूत्रधार सहा बाजूंचा फासा टाकतो. एक पडला की भटके राक्षस समोर येतात. म्हणजे एका मशालीच्या उजेडात तीनदा फासा पडतो आणि किमान एकदा गाठ पडण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के होते. पहिल्या पातळीच्या जादूगाराजवळ दिवसाला एकच मंत्र असतो. उलट, गॉब्लिन मारून मिळतात जेमतेम पाच अनुभव-गुण. तेवढेच गुण पाच सुवर्णमुद्रा सुखरूप बाहेर आणल्यावर मिळतात. अशा हिशेबात शहाणा खेळाडू लढाई टाळतो. सामना ‘समतोल’ असल्याची हमी इथे कोणी देत नाही; परतीचा उजेड उरला आहे का, हे ज्याचे त्याने पाहायचे.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने ही जबाबदारी गणिताकडे सोपवली. प्रत्येक राक्षसाला आव्हानाचा अंक मिळाला. चौघांच्या तुकडीच्या पातळीशी जुळणारा सामना तिचा साधारण २० टक्के साठा खर्च करील, असे गृहीत धरले गेले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण सामन्यांचा अंदाज दिला. गणित चुकीचे नव्हते, पण दिवस कधी संपतो, हे ठरवणारे घड्याळ त्यात नव्हते. तुकडीने पहिल्याच लढाईत सारे मंत्र उधळून मुक्काम ठोकला, तर तिला अडवायचे कोणी?

याचा परिणाम आकड्यांत पाहता येतो. पाचव्या आवृत्तीत पाचव्या पातळीच्या जादूगाराला दिवसाला मुळात नऊ मोठे मंत्र टाकता येतात, त्यांपैकी दोनच सर्वांत ताकदीचे. योद्ध्याची तलवार मात्र संपत नाही. लढाई सरासरी चार फेऱ्यांची धरू. दिवसात सात लढाया असतील, तर अठ्ठावीस फेऱ्यांत नऊ मंत्र पुरवायचे असतात. जादूगार हात राखून असतो आणि योद्ध्यावाचून तुकडीचे चालत नाही. एकच लढाई असेल, तर जादूगार चारही फेऱ्यांत मोठे मंत्र टाकतो आणि शेजारचा खेळाडू बघत बसतो. राक्षस तोच, नियम तेच. पण टेबलावरच्या एका माणसाची संध्याकाळ वाया गेलेली असते.

यावर सूत्रधार बऱ्याचदा गुपचूप उपाय करतो : राक्षसाचे प्राणबळ वाढवतो, फाशाचा आकडा लपवतो. हेतू चांगला असतो, पण त्यामुळे मंत्र राखून ठेवणारा आणि उधळणारा एकाच पारड्यात बसतात. काटकसर व्यर्थ आहे हे एकदा कळले, की खेळाडू विचार करणे सोडतो.

मशाली आणि शिधा मोजत बसणे कंटाळवाणे असते, कथा महत्त्वाची, असा आक्षेप घेतला जातो. तो निम्मा खरा आहे. मशालच मोजली पाहिजे असे नाही. विश्रांतीला किंमत असली म्हणजे पुरे. रात्रभर झोपलात तर कैद्याला दुसरीकडे हलवले जाईल, प्रतिस्पर्धी टोळी खजिन्यापर्यंत आधी पोहोचेल, हे खेळाडूंना आधीच माहीत असेल, तर साठा आपोआप मोलाचा होतो, आणि कथाही तिथूनच पुढे सरकते.

२०२४ च्या सूत्रधार-ग्रंथातून दिवसाच्या सामन्यांचा तो अंदाज गळाला आहे. न पाळला जाणारा आकडा गेला, याचे दुःख नाही. पण त्या जागी घड्याळ आलेले नाही. ते सूत्रधारानेच आणायचे आहे. काठिण्य राक्षसाच्या अंगी नसते. ते समोरच्याजवळ काय उरले आहे आणि परत फिरायला किती वेळ आहे, यात असते. १९८१ ची ती पुस्तिका आजही हाती घ्यावीशी वाटते, ती याचसाठी.