शोधयंत्राचे मौन आणि मराठी शब्दरूपे

शब्दांच्या इतिहासाचा विचार करणाऱ्या अभ्यासकाला आज आंतरजालावरील शोधयंत्रांचा आश्रय घेतल्यावाचून गत्यंतर उरलेले नाही. मोल्स्वर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हे दोन्ही ग्रंथ शिकागो विद्यापीठाने आंतरजालावर खुले केले असल्याने, ज्या नोंदीसाठी पूर्वी ग्रंथालय गाठावे लागे ती आता क्षणात डोळ्यांपुढे येते. या सोयीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो शोधयंत्र काहीच दाखवीत नाही तेव्हाचा. ‘अमुक शब्द अमुक सालापूर्वी आढळत नाही’ असे विधान करण्यास हे रिकामे उत्तर पुरेसे आहे काय? मराठीपुरते तरी याचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते.

याचे पहिले कारण भाषेच्या घडणीतच आहे. शोधयंत्र मुळात अक्षरांची मालिका जुळवून पाहते. शब्द ओळखणे हे त्याहून निराळे काम होय. ‘मासा’ हा शब्द घ्यावा. विभक्तिप्रत्यय लागताच त्याचे ‘माशाला’, ‘माशांचा’ असे रूपांतर होते. स्वर बदलतो, त्याबरोबर व्यंजनही बदलते. ‘मासा’ एवढेच शोधणाऱ्यास ही रूपे सापडतीलच असे नाही. उलट ‘माशांचा’ शोधल्यास ‘माशी’ची रूपेही त्यांत मिसळतात, आणि तोळ्याचा बारावा हिस्सा असलेला ‘मासा’ही त्याच रांगेत येऊन बसतो. जुना कोशकार ‘माशाला’ हे रूप वाचताच ते योग्य शब्दाखाली नोंदवीत असे. त्याने निमूटपणे केलेले ते काम आता शोध घेणाऱ्यावर येऊन पडले आहे, आणि त्याची जाणीव मात्र फारशी झालेली दिसत नाही. काही मोठी शोधयंत्रे जवळची रूपे आपण होऊन जुळवतात, हे खरे. परंतु कोणती जुळवली आणि कोणती वगळली हे ती सांगत नाहीत. संशोधनाच्या दृष्टीने अशी मदत अर्धीच ठरते.

दुसरे कारण लेखनपद्धतीचे. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक नियम १९६२ साली शासनमान्य झाले आणि अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. त्यापूर्वीच्या मजकुरात ‘केळें’, ‘नाहीं’, ‘कीं’ अशी रूपे असतात. पुढे उच्चारानुसारी ‘केळं’ही रूढ झाले. एका शब्दाची ही तीन रूपे यंत्राला तीन शब्द वाटू शकतात. त्याहून फसवा प्रकार ‘दुसऱ्या’सारख्या शब्दांचा. त्यातील अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी नोंदवता येतो: एकीत ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण असतो, दुसरीत ‘र’ आणि हलन्त यांच्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला दिसतो. जुन्या छापील पानांचे यंत्रवाचन करताना तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि डोंगरातली वाट समुद्रात जाते.

तिसरे कारण लिपीचे. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. १९०७ ची मंगळूरची आवृत्तीही रोमनच. देवनागरीतला शोध तेथे पोचत नाही. मोडी कागदपत्रांची केवळ छायाचित्रे जेथे उपलब्ध आहेत, तेथे मजकुराचा शोध संभवतच नाही. युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळवलेल्या प्रबंधांची गतही फार वेगळी नाही: पान वाचता येते, पण त्यामागची अक्षरे निरर्थक असतात.

या अडचणींवरचा उपाय व्याकरणातच आहे. शोधास बसण्यापूर्वी शब्दाचे मूळ रूप, दोन्ही वचनांतील सामान्यरूपे, १९६२ पूर्वीचे लेखन आणि बोलीतील उच्चार यांचा तक्ता करावा व प्रत्येक रूप स्वतंत्रपणे शोधावे. अनेकार्थी शब्दाला सोबतीचा शब्द जोडावा. ‘माशा’बरोबर ‘जाळे’ वा ‘कोळी’ घेतल्यास पसारा आवरतो. जो शब्द त्या ग्रंथात आहे हे निश्चित ठाऊक आहे, तो आधी शोधून पाहावा. तोच सापडत नसेल, तर तेथे दुसरा शब्द न सापडण्यास काहीही अर्थ राहत नाही. सापडलेले उदाहरण मूळ पानाच्या प्रतिमेवर तपासावे आणि साल सूचीवरून न घेता मुखपृष्ठावरून घ्यावे, कारण पुनर्मुद्रणाचे साल पुष्कळदा मूळ ग्रंथाला चिकटते.

अखेरीस, शोध कोणत्या संग्रहात, कोणत्या रूपांनी आणि कोणत्या दिवशी घेतला, याची नोंद प्रबंधात असावी. ती असल्यास ‘आढळत नाही’ हे विधान दुसऱ्या अभ्यासकास तपासता येते. नसल्यास ते केवळ यंत्राचे मौन असते, आणि मौनाला पुरावा मानण्याची सवय विद्येला परवडणारी नाही.