ॲब्सिंथ : एका शीर्षकाचे वाचन

एदगार देगाच्या १८७५-७६ मधील एका चित्रात पॅरिसच्या कॅफेत एक स्त्री व एक पुरुष शेजारीशेजारी बसलेले आहेत. त्यांच्या नजरा कोठेही एकमेकींना भेटत नाहीत. ‘कॅफेमध्ये’ असे तटस्थ नाव असलेले हे चित्र १८९३ साली लंडनमध्ये ‘ॲब्सिंथ’ या शीर्षकाने मांडले गेले आणि इंग्रजी समीक्षेत नैतिक वादंग माजला. चित्र तेच होते. शीर्षकाने मात्र पेयाला कर्ता आणि माणसांना कर्म करून टाकले. वस्तुतः ती स्त्री म्हणजे एलेन आंद्रे ही अभिनेत्री आणि तो पुरुष म्हणजे मार्सेलँ देबुताँ हा चित्रकार. दोघांनी देगासाठी भूमिका वठविली होती, एवढेच.

व्हर्लेन-रँबो यांच्या कवितेच्या वाचनातही कर्तृत्वाची हीच अदलाबदल आढळते. कवितेतील धूसरतेचे मूळ पेल्यात शोधले की शब्दकळेचा विचार करण्याचे श्रम वाचतात. परंतु ॲब्सिंथपानाचा विधी उन्मादाचा नव्हे, संयमाचा आहे. पेल्यावर सच्छिद्र चमचा, त्यावर साखरेची वडी, तिच्यावर थेंबथेंब थंड पाणी. मग बडीशेपेच्या जातीची सुगंधी तेले मद्यार्कातून सुटी होतात आणि हिरवे पेय दुधाळ बनते. (ज्या कडू वनस्पतीवरून पेयाला नाव मिळाले, ती आपल्या दवण्याची सगोत्र आहे.)

या पेयाचा अर्थ पिणाऱ्याच्या वर्गानुसार पालटत गेला, हे अधिक महत्त्वाचे. १८४० च्या दशकात अल्जीरियातील फ्रेंच सैनिकांना ते तापावर दिले जाई. पुढे संध्याकाळची ‘हिरवी वेळ’ हा मध्यमवर्गीय शिष्टाचार झाला. फायलोक्सेरा किडीने द्राक्षमळे उद्ध्वस्त केल्यावर वाइन महागली, स्वस्त ॲब्सिंथ कामगारांच्या हाती आले आणि कवीच्या हातची ‘हिरवी परी’ तेथे विष ठरली. १९०५ साली स्वित्झर्लंडमधील कोम्युन्यी येथे एका मजुराने पत्नीची व मुलींची हत्या केली. त्या दिवशी त्याने भरपूर वाइन रिचविली होती. दोषी ठरले ते दोन पेले ॲब्सिंथ. तेथे १९१० पासून आणि फ्रान्समध्ये १९१५ साली बंदी आली. गिऱ्हाईक परत मिळविण्याची वाइन-उत्पादकांची इच्छा या नीतिमत्तेच्या पाठीशी होतीच. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, बंदीपूर्व काळातील १३ बाटल्यांच्या विश्लेषणात ज्या थुजोनवर सारा ठपका होता त्याचे प्रमाण अल्प निघाले. जबर होता तो मद्यार्कच.

देगाच्या चित्रात देबुताँच्या पुढ्यातील गडद पेय तर ॲब्सिंथ नव्हेच.