कुत्रा कोणी मारला, आणि खोटे कोण बोलले?

किशोरांसाठी लिहिलेल्या पुस्तकाचे दैव मोठे चमत्कारिक असते. ते वाचायचे मुलांनी, पण त्यावर निवाडा द्यायचा थोरांनी! मार्क हॅडन ह्या इंग्रज लेखकाची ‘द क्युरिअस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ ही कादंबरी २००३ साली निघाली तीच दोन आवृत्त्यांत. एक थोरांसाठी, दुसरी मुलांसाठी. आतली कथा एकच. त्या वर्षीचे व्हिटब्रेड पारितोषिक तिला मिळाले आणि ‘गार्डियन’चे बालसाहित्याचे पारितोषिकही. वाचक मात्र तिच्यावरून आजही भांडतात, आणि ते भांडण ऐकण्यासारखे आहे.

आधी कथा. स्विंडन गावचा क्रिस्टोफर पंधरा वर्षांचा आहे. ७,०५७ पर्यंतच्या मूळ संख्या त्याला पाठ आहेत. पण समोरच्याच्या चेहऱ्यावरचा भाव त्याला वाचता येत नाही, कोणी अंगाला हात लावलेला खपत नाही, आणि खोटे बोलणे तर जमतच नाही. एका मध्यरात्री शेजारणीचा कुत्रा बागेतल्या दाताळ्याने भोसकलेला त्याला दिसतो. शेरलॉक होम्सचा हा भक्त लगेच तपासाला लागतो आणि तपासाची हकीकत स्वतःच लिहू लागतो. प्रकरणांना क्रमांकदेखील मूळ संख्यांचे: २, ३, ५, ७! कादंबरीचे नावही होम्सच्या १८९२ सालच्या ‘सिल्व्हर ब्लेझ’ ह्या कथेवरून घेतलेले. कुत्रा कोणी मारला हे सांगून वाचकांचा हक्क मी हिरावून घेणार नाही.

पहिली तक्रार रहस्यकथेच्या शौकिनांची. कोड्याचे उत्तर कादंबरीच्या मध्यापलीकडे थोड्याच अंतरावर हाती येते. मग पुढे वाचायचे काय? बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर पोसलेल्या वाचकाला ही तक्रार रास्त वाटेल. मला ती वाटत नाही. कुत्र्याचा खून हे नुसते दार आहे. त्यामागे दुसरे रहस्य दडलेले आहे: घरातल्या मोठ्यांनी ह्या मुलापासून काय लपवले? गुन्हेगार सापडतो तिथे होम्सची कथा संपते. क्रिस्टोफरची तिथून सुरू होते. गर्दीला भिणारा हा मुलगा एकटा आगगाडीने लंडन गाठतो, तो प्रवास वाचताना छातीत धडधडते.

दुसरी तक्रार पालकांची. पुस्तकात शिव्या फार! अमेरिकेत फ्लॉरिडातील टॅलाहासी येथील एका शाळेने २०१५ साली ह्याच कारणासाठी ते सुटीतल्या सक्तीच्या वाचनातून वगळले. शिव्या आहेत, हे खरे. पण त्या प्रामुख्याने भोवतालच्या मोठ्या माणसांच्या तोंडी आहेत. मुलगा जे ऐकतो ते जसेच्या तसे टिपतो. मला नवल वाटते ते ह्याचे की, शिव्या मोजणाऱ्यांना त्याच पुस्तकातले थोरांचे खोटे बोलणे तितकेसे खटकले नाही. मुलाच्या भल्यासाठी म्हणून बोललेले खोटे त्याच्या पायाखालची जमीन कशी काढून घेते, हा ह्या कादंबरीचा खरा विषय आहे. तो आपल्याही घरांना परका नाही.

तिसरी तक्रार सर्वांत वजनदार. आत्ममग्नता, म्हणजे ऑटिझम, असलेल्या काही वाचकांनी म्हटले की, हा मुलगा आमच्यासारखा नाही. गणितातला चमत्कार आणि भावनेचा कोरडा, असा तो बाहेरच्यांनी रंगवलेला ठोकळा आहे. इतर काहींना मात्र पुस्तकात प्रथमच आपले कोणी भेटल्यासारखे वाटले. आपण ह्या विषयाचे तज्ज्ञ नाही, हे लेखकाने स्वतःच सांगितले आहे. तेव्हा ह्या पुस्तकाकडे वैद्यकाची माहिती म्हणून पाहू नये. क्रिस्टोफर हा एक मुलगा आहे, साऱ्या मुलांचा नमुना नव्हे.

माझी स्वतःची तक्रार शेवटाविषयी आहे. परीक्षेतले यश आणि ‘आता मला काहीही जमेल’ अशी ग्वाही, इथे कादंबरी थांबते. घरात तुटलेला विश्वास इतक्या लवकर सांधतो काय? सायमन स्टीव्हन्स ह्यांनी २०१२ साली लंडनच्या नॅशनल थिएटरसाठी केलेल्या नाट्यरूपात ती ग्वाही प्रश्न होऊन येते. मुलगा आपल्या शिक्षिकेला विचारतो, आणि तिच्याकडून उत्तर येत नाही. ते मौन मला अधिक खरे वाटते.

तरीही चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती हे पुस्तक मी निःशंकपणे देईन. मात्र आईवडिलांनीही ते वाचावे, आणि मुलाच्या आधी आपले मत सांगू नये. मुलाने ‘तुम्ही माझ्याशी कधी खोटे बोललात का?’ असे विचारले, तर उत्तराची तयारी ठेवावी, म्हणजे झाले.