वेंगुर्ल्याची वखार आणि पिंगुळीची पोथी

इमारतीचें परीक्षण करावयाचें तर ती कशासाठीं बांधली हें प्रथम विचारलें पाहिजे. देवळाची कसोटी वखारीस लावून चालत नाहीं. वेंगुर्ल्याच्या डच वखारीविषयीं जें थोडेंफार लिहिलें जातें, त्यांत हा विवेक क्वचितच आढळतो. कोणी तिला किल्ला समजून तिच्यांत शौर्य शोधतो. कोणी भिंतींत शिरलेलीं झाडांचीं मुळें पाहून कालाच्या अगाध लीलेवर चार उसासे टाकतो. दोघांचेंही लक्ष इमारतीकडे नाहीं.

वखार ही हिशेबाची वास्तु आहे. विजापूरच्या आदिलशाहाच्या परवानगीनें डच कंपनीनें इ. स. १६३७ मध्यें येथें ठाणें घातलें. हेतु दुहेरी होता : व्यापार आणि गोव्याची कोंडी. पोर्तुगीजांस अडवून धरणाऱ्या आरमारास गोडें पाणी व तांदूळ जवळच मिळावा, ही वेंगुर्ल्याची खरी किंमत. ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानें आपल्या प्रवासवृत्तांतांत हेंच नमूद केलें असून येथील वेलदोड्यांची कीर्तिही सांगितली आहे. वास्तूंतही तो दुहेरी हेतु उमटला आहे. माल सांभाळणारी कोठी आणि प्रसंगीं झुंजावयाचा कोट हीं दोन्ही कामें त्याच जाड भिंतींनीं करावयाचीं होतीं. तिचें जें कांहीं सौंदर्य आहे, तें या काटकसरींत आहे. शिवाय कंपनी परकी असली, तरी जांभा दगड येथलाच. तो खाणींतून काढणारे व रचणारे हातही बहुधा येथलेच असले पाहिजेत.

पुढें १६६३ मध्यें कोचीन डचांच्या हातीं आलें, पोर्तुगीजांशीं तह झाला आणि कोंडीचें प्रयोजन संपलें. शतक सरतां सरतां डचही गेले. हिशेब मिटला, तशी हिशेबाची वास्तु पोरकी झाली.

आतां कुडाळजवळच्या पिंगुळी गांवीं चला. तेथील ठाकर चित्रकथी रामायण-महाभारतांतील प्रसंग कागदावर रंगवितात. त्या चित्रांच्या जुडग्यास पोथी म्हणतात. एकेक चित्र पुढें करून वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीनें कथा सांगावयाची, ही त्यांची रीत. सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता तोंवर होता. तो सरल्यावरही पोथी उघडत राहिली, आणि २०२१ मध्यें परशुराम गंगावणे यांस पद्मश्री मिळाली. चिरेबंदी भिंत ढासळली आणि कागद टिकला! कारण एवढेंच कीं, कागदाजवळ सांगणारा बसला होता.

वखारीस कसली आली आहे कथा, असें कोणी म्हणेल. आम्हांस तें मान्य नाहीं. कोणत्या गांवचा तांदूळ कोणत्या भावानें आला, कोणाचें गलबत बंदरांत अडकलें, दुभाष्या कोण होता, ही कथा नव्हे तर काय? मात्र तिची पोथी येथें नाहीं. डच कंपनीचें प्रचंड दप्तर हॉलंडांत हेग येथें जतन केलेलें आहे, आणि तें डच भाषेंत आहे. आम्ही इंग्रजी शिकलेले लोक ग्यॅझेटियरचीं चार पानें चाळून कोंकणच्या इतिहासावर बोलतों, हा दोष भिंतींचा नव्हे, आमचा आहे.

म्हणून नुसत्या चुन्यानें आणि छपरानें या वखारीचा जीर्णोद्धार होईल असें आम्हांस वाटत नाहीं. भिंती सावराव्याच, पण त्याबरोबर आमच्या दोनचार विद्यार्थ्यांनीं डच भाषा शिकून तें दप्तर मराठींत आणावें. याच तालुक्यांतील रेडीच्या खाणींतून निघालेलें लोहखनिज आमच्या काळांत जहाजांत चढलें. त्या व्यापाराची खूण म्हणून उद्यां वास्तु नव्हे, खड्डेच दिसतील. त्याचाही हिशेब कोणी तरी मराठींत लिहून ठेवला पाहिजे. नाहीं तर आमच्याच गांवची कथा आम्हांस पुन्हां परक्याच्या दप्तरांत शोधावी लागेल.