नाल लावलेला बूट आणि घुंगरू

‘फ्युजन’ म्हटलं की नाशिकचा रसिक आता जरा सावध होऊनच खुर्चीत बसतो. पुढे काय येणार हे साधारण ठाऊक असतं: पेनड्राइव्हवरचा ट्रॅक, जीन्सवर बांधलेले घुंगरू आणि शेवटी स्पीकर फाटेल अशी तिहाई. टाळ्या पडतात. दोन कला नेमक्या भेटल्या कुठे, हे मात्र कळत नाही.

म्हणून ‘इंडिया जाझ स्वीट्स’ची आठवण काढायची. २००४ साली अमेरिकन डान्स फेस्टिव्हलच्या विंगेत साठीकडे झुकलेले कथकगुरू पं. चित्रेश दास आणि विशीतला टॅप नर्तक जेसन सॅम्युअल्स स्मिथ एकमेकांसमोर आले, आणि त्या भेटीतून हा प्रयोग उभा राहिला. त्यांनी भारताचा दौराही केला. ‘उपज’ हा त्यांच्यावरचा माहितीपट. नाव अगदी चपखल आहे, कारण प्रयोगाचा जीव उपजेतच, म्हणजे ऐनवेळी सुचलेल्यातच, होता. एका बाजूला तबला-सतार, दुसऱ्या बाजूला जाझचं त्रिकूट, दोन्ही जिवंत. एकाने टाकलेला तुकडा दुसऱ्याने जागच्या जागी उचलायचा. पाठ केलेलं तिथे चालत नसे.

टॅप पायात आला कसा, तेही पाहण्यासारखं आहे. १७३९च्या गुलामांच्या उठावानंतर साउथ कॅरोलिनात कायद्याने त्यांच्या ढोलांवर बंदी आली. हातातून सुटलेला ताल अंगावर आणि पायांत उतरला. पुढे तो आयरिश जिग आणि इंग्लिश क्लॉगमध्ये मिसळला. बुटाच्या चवड्याला आणि टाचेला ठोकलेल्या धातूच्या पट्ट्या नंतरच्या. आपल्याकडे चपलेला नाल ठोकतात, तशाच.

पण टॅप आणि कथक यांचं साम्य ताल पायांत असण्यापुरतंच. नाल टक्कन वाजते आणि थांबते. घुंगरू मात्र पाय थांबल्यावरही क्षणभर बोलत राहतात. त्यामुळे द्रुत लयीत टॅपचा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो, कथकचा तत्कार, म्हणजे पायांचं काम, थोडा धुरकट होतो. कथककाराने एरवी तयारीने झाकलेला कच्चेपणा इथे उघडा पडतो. लयीचंही तेच. जाझमधल्या स्विंगमध्ये मात्रेचे दोन भाग सारखे नसतात. पहिला रेंगाळतो, दुसरा आखडतो. सरळ चौपटीत घोटलेल्या पायाला हे झोल अंगवळणी पडत नाहीत. मात्रेचे तीन भाग करणाऱ्या तिस्र जातीचा पक्का रियाज असेल तरच मध्ये पूल बांधता येतो. दास स्वतः नाचता नाचता ताल म्हणत, गात. म्हणून त्यांना ते जमलं. त्यांच्या प्रयोगातही सवाल-जवाब कधी कधी निव्वळ शर्यत व्हायचे, हेही म्हटलं पाहिजे. भावाला तिथे जागा अपुरी होती. ‘गत’ आणि ‘ठाट’ या कथकच्या नाद कमी, डौल जास्त अशा अंगांचं टॅपशी काय करायचं, हा प्रश्न त्यांनी अर्धाच सोडवला.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. ढोलकीच्या तोड्याला लावणीतले घुंगरू उत्तर देतात, तेव्हा हाच खेळ चाललेला असतो. आणि नाशकात कथकची जमीन कसलेली आहे. कीर्ती कला मंदिर या संस्थेने इथे कथकनर्तक पं. गोपीकृष्ण यांच्या नावाने महोत्सव रुजवला. तालीम घेतलेले पाय आहेत, तबलजी आहेत. कमी आहे ती धोका पत्करायची तयारी.

आणखी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट. मागे एका कार्यक्रमात पाहुण्यांच्या सत्कारासाठी रंगमंचावर अंथरलेला गालिचा नृत्याच्या वेळीही तसाच राहिला. मुलगी जीव तोडून नाचत होती. तिसऱ्या रांगेत फक्त छमछम ऐकू येत होती, टाच एकदाही ऐकू आली नाही. तिथे बूट घालून कुणी टॅप केला असता, तर तो मुकाच नाचला असता.

तेव्हा आयोजकांना विनंती एवढीच: ट्रॅक बंद करा, तबलजींना बसवा, आणि सत्कार उरकला की तो गालिचा गुंडाळून ठेवा.