दुकानाची पाटी आणि देवनागरी अक्षरवळण : एक चिकित्सा

महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना अधिनियमात सुधारणा करून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी लिपीतील मराठी नामफलक अनिवार्य केला; मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असा दंडकही घातला. अक्षरांच्या आकाराचा प्रश्न त्यामुळे सुटला. वळणाचा मात्र अनुत्तरितच राहिला. लहान व्यावसायिक आपले बोधचिन्ह बहुधा रोमन लिपीत घडवितो आणि मराठी नाव संगणकात आयत्या मिळणाऱ्या फॉन्टमध्ये उतरवितो. अशा अनेक फॉन्टांत ‘ल’ व ‘श’ हिंदी वळणाचे असतात. शासनाच्याच २००९ च्या निर्णयाने प्रमाण मानलेले पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ तेथे दिसत नाहीत. ‘विशाल’सारख्या नावात हा भेद तत्काळ जाणवतो. येथे खर्चाची सबब टिकत नाही. मुंबईतील ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ हा फॉन्ट देवनागरी व रोमन या दोन्ही लिपींत, सात जाडींमध्ये, विनामूल्य उपलब्ध आहे. मात्र कोणताही फॉन्ट स्वीकारण्यापूर्वी आपले नाव त्यात जोडाक्षरांसह, पाटीच्या व पावतीच्या आकारांत, लिहून तपासणे अगत्याचे ठरते. व्यवसायाची ओळख अक्षरांच्या उंचीने सिद्ध होत नाही. ती वळणातून घडते.